कोकणातल्या वाचनालयांना आणि म्युझियमना एकमेकांचे फोन नंबर मिळाले त्याची गोष्ट

अलीकडे दोनतीन ठिकाणांहून विचारणा झाली की तुमचा तो वाचनालय-म्युझियमवाल्यांचा ग्रुप कसा जमला, आम्हाला इकडे रायगडात तसंच करायचंय, काही फॉरमॅट असेल तर पाठवा. फॉरमॅट नाहीये. ग्रुपला धड नावसुद्धा नाहीये, कुणीतरी पहिल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्कॅनरबद्दल' असं टाईप केलं आणि तेच अजून आहे. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, लेटरहेड नाही. पण कसं झालं ते सांगते, ज्याला जे उपयोगी पडेल ते त्याने घ्यावं.

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्यात जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. परिरक्षण अनुदान आलं की पगार, नाही आलं की वाट बघायची, हे सरकारमान्य वाचनालयातल्या कुणालाही नवीन नाही, त्यावर वेगळं काय लिहिणार. खाली वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या, वर माळ्यावर खरा माल. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या मासिकांचे बांधीव अंक, काही पोथ्या, आणि एका खोतांच्या घरातून आलेले मोडी कागदांचे रुमाल, फडक्यात बांधलेले, जे सोडून बघायची कुणाची छाती होत नव्हती. आणि हे काही आमच्याकडेच आहे असं नाही. राजापूर घ्या, देवगड घ्या, मालवण, वेंगुर्ला, कुठेही जा, एखाद्या वाचनालयात, देवस्थानाच्या कचेरीत नाहीतर कुणाच्या तरी पडवीत असा साठा असतोच. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, म्हणजे विचार करा किती काळ हा पट्टा पुस्तकं आणि कागद जमवतोय.

सुरुवात एका वर्कशॉपमध्ये झाली, पण वर्कशॉपमुळे नाही. 'वारसा आणि डिजिटल तंत्रज्ञान' अशा छापाचा विषय होता, सकाळभर स्लाइडी बघितल्या, डोळ्याला लावायचे ते व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे चष्मे बघितले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जेवणाच्या लाईनीत माझ्यामागे सिंधुदुर्गातल्या एका छोट्या संग्रहालयाच्या मॅडम उभ्या होत्या, त्या सहज म्हणाल्या की आम्ही पण डिजिटायझेशन केलंय, हार्ड डिस्क कपाटात आहे, पण उघडून कुणी बघत नाही. मी म्हटलं आमची पण तशीच आहे. मग एकेक विचारत गेलो. फाईलींना नुसते नंबर, कुठल्या फाईलीत काय आहे त्याची यादी नाही, पानाच्या कडेची अक्षरं कापलेली, सगळं जेपेगमध्ये आणि इतकं दाबून लहान केलेलं की मोठं करून बघितलं तर काना कुठे नि मात्रा कुठे ते कळत नाही. आणि सगळ्यात शेवटी कळलं की करणारा माणूस एकच. दोन्हीकडे वेगळा रेट लावलेला, त्यांच्याकडून जास्त घेतलेले! म्हणजे दोन तालुक्यांच्या अंतरावर असलेल्या दोन संस्था एकमेकींना कधी फोन करत नव्हत्या म्हणून एका माणसाने तेच वाईट काम दोनदा विकलं. सोलकढी पिता पिता आम्ही दोघींनी नंबर घेतले, आणि दुपारच्या सत्राला बसलो पण लक्ष कुठे होतं.

पुढचे काही आठवडे मी फोनच करत होते. इथे एक गोष्ट लवकर लक्षात आली ती सांगून टाकते. संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला की ते खूप छान बोलतात, उपक्रम स्तुत्य आहे म्हणतात, पत्र पाठवा म्हणतात, आणि पत्र पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत ठेवलं जातं, ती सभा गणपतीनंतर असते. याउलट जो माणूस रोज कपाट उघडतो, म्हणजे ग्रंथपाल, लेखनिक, देवस्थानात जमाखर्च लिहिणारे काका, म्युझियमची चावी ज्याच्याकडे असते तो, त्याला फोन केला आणि 'तुमच्याकडे कसरीला, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीला, काय करता हो?' एवढंच विचारलं की तो अर्धा तास बोलतो. नेटवर्क करायचंय, सहभागी व्हा, असं मी कुणालाच म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वर्गणी किती हाच पहिला प्रश्न आला असता.

पण अध्यक्षांना वगळून चालत नाही हेही खरं. चावीवाला माणूस उत्साहाने कागद बाहेर काढतो, आणि उद्या कुणी विचारलं की कुणाच्या परवानगीने, तर बिचाऱ्याची नोकरी जायची. म्हणून आम्ही अर्ध्या पानाचं एक साधं पत्र तयार केलं, कागद संस्थेच्या बाहेर जाणार नाहीत, मूळ फाईल संस्थेकडेच राहील, काय दाखवायचं ते संस्था ठरवेल, आणि खाली कार्यवाहांची सही. एवढ्याने बरीच दारं उघडली.

पहिली बैठक कणकवलीला ठेवली, कारण रत्नागिरीकडचे आणि सावंतवाडीकडचे दोघेही रेल्वेने नाहीतर एसटीने येऊन संध्याकाळी घरी जाऊ शकतात. तारीख ठरवणं हाच मोठा प्रकल्प होता. गणपतीत नाही, शिमग्यात नाही, मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात म्हणून नाही, डिसेंबरात जत्रा, पावसात वाट कुठे बंद पडेल सांगता येत नाही. मुंबई-पुण्याची माणसं जेव्हा आम्हाला विचारतात की तुम्ही दर महिन्याला का भेटत नाही तेव्हा मी त्यांना कोकणाचं कॅलेंडर पाठवते.

आले ते असे होते, आम्हा वाचनालयवाल्यांपैकी काही, ती म्युझियमवाली मॅडम, एका देवस्थानचे लेखनिक काका, दशावतारी नाटकांच्या जुन्या कॅसेटी जमवणारे एक निवृत्त शिक्षक, आणि इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर जे खरं तर चुकून आले होते, त्यांना वाटलं होतं थ्रीडी प्रिंटिंगवर काहीतरी आहे. पहिला तास फुकट गेला. प्रत्येकाने उभं राहून आपल्या संस्थेची स्थापना, संस्थापक, कोण कोण थोर माणसं भेट देऊन गेली, सगळं सांगितलं. शेवटी देवस्थानवाले काका वैतागून म्हणाले, ''ता सगळा ऱ्हवांदे, माका सांगा, पोथयेक कसर लागली हा, काय करू?'' आणि तिथून जी बैठक सुरू झाली ती जेवणाची वेळ टळून गेली तरी थांबेना.

त्याच दिवशी दोन नियम ठरले. एक, सत्कार नाही. हार, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, यातलं काही नाही. ज्यांनी आपल्याकडच्या सभा बघितल्यात त्यांना कळेल यातून किती वेळ वाचतो. दुसरा, येताना प्रत्येकाने एक अडलेलं काम घेऊन यायचं. झालेलं नाही, अडलेलं. झालेल्या कामाचे फोटो ग्रुपवर टाका, तिथे अंगठे मिळतील.

तर कसर. मुंबईतल्या एका कॉन्झर्व्हेटरना, म्हणजे जुन्या वस्तू-कागदांची जपणूक करणाऱ्या तज्ज्ञांना, मॅडमनी फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी सांगितलं की कीड लागलेली पुस्तकं प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत हवा काढून सील करायची आणि उणे २० डिग्रीला निदान एक आठवडा ठेवायची, अळी, अंडी सगळं मरतं, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, पूर्ण दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. औषध नाही, फवारा नाही. हे ऐकून आम्ही सगळे खूश, कारण किनाऱ्याला कोल्ड स्टोरेजची काय कमी! कुणाचा तरी मेव्हणा मासळीच्या धंद्यात होताच, त्याने हो पण म्हटलं. तेवढ्यात काका उठून उभे राहिले. ''देवाची पोथी म्हावऱ्यावांगडा ठेवतलास?'' आता यावर काय बोलणार. हसलो सगळे, पण त्यांचं चुकीचं नव्हतं, त्यांना परत जाऊन मानकऱ्यांना तोंड द्यायचं होतं. मग तोडगा निघाला तो असा की पावसाळ्यात आइस्क्रीमवाल्याचे डीप फ्रीझर रिकामे पडलेले असतात. बाजारातल्या एकाकडून तो मिळाला, त्याचं टेम्परेचर उणे १८ च्या पुढे जात नव्हतं म्हणून एका आठवड्याऐवजी दोन आठवडे ठेवल्या. एकच काळजी होती, लाईट. पावसात लाईट गेली की तासंतास येत नाही, म्हणून झाकण उघडायचं नाही असा कागद लावला आणि वर दोरी बांधली. पोथ्या व्यवस्थित बाहेर आल्या. काका आता प्रत्येक नवीन माणसाला ही पद्धत स्वतः शोधून काढल्यासारखी समजावून सांगतात, आम्ही काही बोलत नाही.

तुम्ही म्हणाल यात डिजिटल काय. अहो, कागदच खाऊन गेला तर स्कॅन कशाचं करणार? आमच्याकडे जुलैत माळ्यावर आर्द्रता ९० टक्क्यांच्या खाली यायचं नाव घेत नाही, आणि ६५ च्या वर कागद फार दिवस राहिला की बुरशी धरतेच. हे मोठ्या शहरात बसून डिजिटल इनोव्हेशनची धोरणं लिहिणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही, म्हणून त्यांच्या पैशातून आलेले स्कॅनर आमच्याकडे बंद खोलीत गंजतात.

स्कॅनरचीच गोष्ट. बाजारात जो फ्लॅटबेड मिळतो त्यावर जुनं बांधीव पुस्तक पालथं घालून दाबलं की पाठ मोडते. चांगला ओव्हरहेड स्कॅनर आमच्या कुणाच्याच बजेटमध्ये नव्हता. ते चुकून आलेले कॉलेजवाले सर इथे कामाला आले. त्यांनी मुलांना प्रोजेक्ट म्हणून दिलं, इंग्रजी व्ही अक्षरासारखा पाळणा, त्यात पुस्तक अर्धवट उघडं बसतं, वरून काच, दोन बाजूंना दोन जुने कॅमेरे. पाळणा सावंतवाडीच्या एका सुताराने करून दिला, जो एरवी लाकडी फळं आणि खेळणी करतो, आणि त्याने कडा अशा गुळगुळीत केल्या की पुठ्ठ्याला ओरखडासुद्धा येत नाही. असे पाळणे जगभर लोक घरी करतात, डिझाइनं फुकट मिळतात. पण आमच्यातल्या कुणालाही एकट्याने ते सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी करायला मुलं कुठून आणणार होतो? आता तो पाळणा एसटीच्या डिकीतून या गावातून त्या गावात फिरतो, दिवाळीनंतर निघतो आणि मार्चपर्यंत परत येतो.

हिशोब मात्र आधी कुणी सांगितला नव्हता. ए-४ आकाराचं एक पान ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) रंगीत, न दाबलेल्या टिफ फाईलमध्ये घेतलं की साधारण २६ एमबी होतात. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे पाच जीबीच्या वर. एक कपाट म्हणजे किती ते तुम्हीच करा. म्हणजे खरा खर्च स्कॅनरचा नाहीच, साठवणुकीचा आहे, आणि तो दरवर्षी येतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात, हा जगभरचा साधा नियम आहे. एकट्या संस्थेला 'दुसऱ्या गावात' म्हणजे कुठे? आम्ही जोड्या लावल्या. आमची डिस्क मालवणात, त्यांची आमच्याकडे. ज्यांच्या गावात पुराचं पाणी बाजारात शिरतं त्यांची डिस्क सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळाच्या पठारावरच्या, गावात. हे लिहायला एक ओळ लागते पण दुसऱ्या संस्थेच्या कपाटात आपली डिस्क ठेवायला कार्यकारिणीने हो म्हणणं, त्यासाठी त्या चावीवाल्या माणसांनी आधी एकमेकांच्या घरी घावणे खाल्लेले असावे लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग यादीचं भांडण. काय आहे ते नोंदवायचं कसं? कुणी एक्सेलमध्ये पाच रकाने केले, कुणी चाळीस. कॉलेजवाल्या सरांनी डब्लिन कोअर दाखवलं, पंधरा रकान्यांचा आंतरराष्ट्रीय साचा, १९९५ साली ज्याची सुरुवात झाली, आणि हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे तर अमेरिकेत ओहायोतलं, हे ऐकून उगाचच सगळ्यांना गंमत वाटली. आम्ही तो घेतला, आणि आपला एक रकाना जोडला, कपाट आणि खण. कारण स्कॅन बघून कुणी मूळ कागद बघायला आलं तर तो सापडला पाहिजे ना. यादी करताना आणखी एक शहाणपण मुंबईकडून मिळालं, की आधी बघा दुसऱ्या कुणी हे केलंय का. एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथ संजीवनी' आहे, केंद्र सरकारचं 'इंडियन कल्चर' पोर्टल २०१९ पासून आहे. आमच्या यादीतली काही मासिकं दुसरीकडे आधीच स्वच्छ स्कॅन झालेली सापडली, ती आम्ही खुशाल सोडून दिली. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी, या एका वाक्याने आमचं काम निम्म्यावर आलं.

सगळ्यात नाजूक मामला खोतांच्या रुमालांचा. मी समजत होते अडचण मोडीची असेल. मोडी वाचणारे आजोबा मिळाले, हळूहळू पण वाचतात. अडचण निघाली ती वेगळीच. पहिले काही कागद वाचून झाले आणि त्यात जमिनीचे वाटे, कुणी कुणाला गहाण दिलं, देवस्थानचं उत्पन्न कुणाच्या हाती, असलं सगळं निघायला लागलं. आजोबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, हे नेटवर टाकलंस तर गावात दोनचार दावे नक्की लागतील. कोकणातल्या भाऊबंदकीची ज्यांना कल्पना आहे त्यांना हे अतिशयोक्ती वाटणार नाही. युरोपातल्या गाईडलाईन सांगतात की जेवढं शक्य आहे तेवढं खुलं करा, आणि तत्त्व म्हणून मला ते पटतंही, पण तिथल्या कागदांवर अजून सातबारा चालत नाही. आम्ही ग्रुपमध्ये यावर पुष्कळ वाद घातला. शेवटी ठरलं ते असं की यादी सगळ्यांना दिसेल, कागदाचा विषय, साल, गाव एवढं, आणि प्रतिमा मागितल्यावर, संस्थेने बघून. पत्रव्यवहार, दुकानाच्या वह्या, नाटकाचे हिशोब हे सगळं सरळ खुलं. काहींना हे भित्रेपणाचं वाटतं. त्यांनी आमच्या तालुका कोर्टात एक दिवस बसून बघावं.

आता बाहेरच्या नेटवर्कबद्दल. मोठ्या संस्थांची माणसं उत्तर देत नाहीत हा समज निदान माझ्यापुरता खोटा निघाला. 'आम्हाला मार्गदर्शन करा' असं लिहिलं तर नाही देत. 'आमच्याकडे १९१० च्या दशकातला आर्ट पेपरवर छापलेला अंक आहे, पानं एकमेकांना चिकटलीत, फोटो जोडलाय, सोडवायची की तशीच ठेवायची?' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी उत्तर येतं. नेमका प्रश्न विचारला की समोरच्यालाही आपल्या कामाची मजा येत असावी.

युरोपियाना नावाचं जे प्रकरण आहे, युरोपातल्या हजारो संग्रहालयांचा, ग्रंथालयांचा साठा एका ठिकाणी शोधता येतो ते, २००८ साली सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी इतके लोक आले की साइट कोसळली, हे वाचून मला जरा बरं वाटलं. पण मला त्यातलं साइटपेक्षा दुसरंच जास्त आवडलं. त्यांनी काम करणाऱ्या माणसांची एक असोसिएशन केली, पैसे न भरता सदस्य होता येतं, आणि आत गट पाडलेत, तंत्रज्ञानवाल्यांचा वेगळा, कॉपीराइटवाल्यांचा वेगळा, शिक्षण, संशोधन, हवामानबदल असे. म्हणजे एवढा पैसा आणि एवढी यंत्रणा असूनही शेवटी त्यांनाही हाच प्रश्न पडला की लेखनिकाने लेखनिकाशी बोलायचं कुठे. त्यांच्या ऑनलाइन चर्चा मी ऐकते, आपल्याकडे संध्याकाळची वेळ येते, रेंज असेल तर.

त्यातूनच जुनी हस्ताक्षरं वाचणाऱ्या ट्रान्सक्रिबस या सॉफ्टवेअरची माहिती मिळाली. त्याला आपण आधी बरीच पानं वाचून दाखवायची, मग ते शिकतं. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात, जागा २०१४ साली मिळाली, पण म्हणून मशीन लगेच मोडी वाचायला लागतं असं नाही, प्रत्येक लेखनिकाचं वळण वेगळं, शब्द तोडलेले नसतात. तर हे सॉफ्टवेअर चालवते ती रीड-कोऑप म्हणून संस्था, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला २०१९ मध्ये स्थापन झालेली, आणि ती चक्क सहकारी संस्था आहे, अर्काइव्ह, विद्यापीठं, ग्रंथालयं हेच सभासद. हे सांगितल्यावर आमच्या वाचनालयाच्या खजिनदारांचे कान उभे राहिले, त्यांचा पहिला प्रश्न, लाभांश देतात का? दुसरं उदाहरण कोहाचं. ग्रंथालयाचं हे फुकट सॉफ्टवेअर आज जगभर चालतं, आपल्याकडेही कितीतरी कॉलेजांत आहे, पण ते कुठल्या मोठ्या कंपनीने नाही केलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर वर्ष २००० उजाडलं की बंद पडणार होतं, नवीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी एका छोट्या कंपनीकडून करून घेतलं आणि सगळ्यांना वाटून टाकलं. ही गोष्ट मी प्रत्येक कार्यकारिणीसमोर सांगते. 'आपल्यासारख्या छोट्या संस्थेने काय होणार' याला एवढं चपखल उत्तर मला दुसरं सापडलेलं नाही.

आणि लांब कशाला जायचं. आपल्या सड्यांवरची कातळशिल्पं घ्या. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, उक्षी, बारसू, देवीहसोळ, कुडोपी, ही सगळी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या मंडळींनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले, गावागावात माणसांना विचारत फिरले, त्यातून ती पुढे आली. पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं म्युझियम उभं केलं, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. माणसामाणसांतून काम पुढे नेण्याची रीत इथे आधीपासून आहे, आम्ही फक्त त्यात हार्ड डिस्क घातली.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळं जागतिक वारसा यादीत गेली, बारापैकी रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाच किल्ले कोकणातले. आनंद झालाच. पण त्यानंतर जो तो ड्रोन घेऊन आला. व्हर्च्युअल टूर, एआर अ‍ॅप, लाईट अँड साऊंड, आमच्याकडेपण प्रस्ताव यायला लागले, तुमच्या म्युझियमचं मेटाव्हर्स करून देतो म्हणून एकाने फोन केला. पूर्वी असा फोन आला की एकेकट्याने विचार करावा लागायचा. आता कोटेशन ग्रुपवर पडतं आणि दहा मिनिटांत कुणीतरी विचारतं, मूळ फाईल देणार का, कुठल्या फॉरमॅटमध्ये, सर्व्हरचं भाडं तिसऱ्या वर्षी कोण भरणार? हे तीन प्रश्न विचारल्यावर बरेचसे फोन परत येत नाहीत. माझ्या मते आमच्या ग्रुपने केलेलं सगळ्यात मोठं डिजिटल काम हेच.

सगळं जमलं असं नाही. देवस्थानांपैकी बरीच अजून लांबूनच बघतात. कॉलेजची मुलं पास होऊन पुण्याला जातात, पाळण्याचा स्क्रू ढिला झाला की नवीन बॅचला पहिल्यापासून शिकवावं लागतं. कार्यकारिणी बदलली की अर्ध्या पानाच्या पत्रावर नवीन सही. आणि मुंबईची माणसं कॉन्फरन्सला बोलावतात तेव्हा पत्र अध्यक्षांच्या नावाने येतं, जातात अध्यक्ष, आणि परत येऊन सांगतात की जेवण चांगलं होतं. यावर उपाय सापडलेला नाही. एकदा आम्ही आयोजकांना लिहिलं की कपाट उघडणाऱ्या माणसाला बोलवा आणि त्याची रजा मंजूर करून घ्या, तेव्हा म्युझियमच्या शिपायांना बोलावलं गेलं, आणि त्यांनी तिथे स्टेजवर जाऊन काचपेटीतली आर्द्रता कमी करायला सिलिका जेल किती दिवसांनी बदलावी आणि तव्यावर तापवून परत कशी वापरावी ते सांगितलं. सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनाच आले म्हणे.

सध्या घोडं अडलंय ते कॅसेटींवर. निवृत्त गुरुजींकडे दशावताराच्या रात्रीच्या रात्री टेप केलेल्या आहेत, काही कलाकार आता नाहीत. कॉपीराइटचा एक पेच आहे, कायद्याने सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क ५० वर्षं राहतो, म्हणून आम्ही हयात कलाकारांकडे नाहीतर त्यांच्या घरच्यांकडे जाऊन लेखी संमती घेतोय, आणि लोक देतात, फक्त चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. तो भाग होईल. खरी अडचण ही की टेपला बुरशी आलीये, अशी टेप चांगल्या डेकमध्ये घातली तर डेकचं हेड खराब होतं, म्हणून एक डेक फक्त साफसफाईसाठी आणि दुसरा रेकॉर्डिंगसाठी लागणार. एक मिळालाय, रबराचा बेल्ट नवीन घातला की चालेल. दुसऱ्याचा शोध चालू आहे. कुणाच्या घरी माळ्यावर जुना कॅसेट डेक पडून असेल, लाईन-आऊट असलेला, टू-इन-वन नको, तर कळवा, बंद असला तरी चालेल. कुडाळ स्टेशनपर्यंत कुणाच्या हाती पोचवलात तरी पुरे, पुढे न्यायला माणूस आहे.